रक्ताची नोंदवही : मागे घेतलेल्या डीएनए विधेयकाचं वाचन

२४ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने लोकसभेतून 'डीएनए तंत्रज्ञान (वापर आणि उपयोजन) नियमन विधेयक, २०१९' मागे घेतलं. त्या दिवसांत संसदेत मणिपूरवरून गदारोळ चालू होता, त्यामुळे या बातमीला वर्तमानपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. ज्यांनी वाचली त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. देशाची राष्ट्रीय डीएनए बँक उभारण्याचा प्रस्ताव बारगळला, असा त्यांनी अर्थ काढला.

मला तो अर्थ घाईचा वाटतो. सरकारने विधेयक मागे घेताना 'ही कल्पना चुकीची होती' असं म्हटलेलं नाही. यातल्या बऱ्याच तरतुदी २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात आधीच आलेल्या आहेत, असं कारण देण्यात आलं. म्हणजे घराला पुढून कुलूप लावलं, कारण मागच्या दाराने सामान आत जाऊन बसलं होतं.

मी नागपुरात राहतो, व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कायद्याचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर नाही. पण गेली काही वर्षं माझं काम डेटाबेसचं आहे : नोंदी साठवणं, जुळवणं, एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधणं, दोन माणसांची एक झालेली नोंद वेगळी करणं. त्या नजरेने मी हे विधेयक, त्यावरचा स्थायी समितीचा अहवाल आणि नंतरचा कायदा वाचला. विरोधात लिहिलेलंही बरंच वाचलं. विरोधातला प्रत्येक मुद्दा मला पटला नाही. म्हणून इथे कोणता आक्षेप टिकतो आणि कोणता टिकत नाही, हे एकेक करून पाहायचं आहे.

विधेयक नेमकं काय म्हणत होतं

या विधेयकाचा प्रवास लांबचा आहे. त्याचा एक अवतार जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत मंजूरही झाला होता. लोकसभेची मुदत संपली आणि तो रद्द झाला. ८ जुलै २०१९ रोजी ते पुन्हा मांडलं गेलं, मग जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला.

विधेयकात एक राष्ट्रीय आणि अनेक प्रादेशिक डीएनए बँका होत्या. प्रत्येक बँकेत पाच सूची : गुन्ह्याच्या जागी सापडलेले नमुने, संशयित आणि कच्चे कैदी, शिक्षा झालेले गुन्हेगार, बेपत्ता माणसं, आणि ओळख न पटलेले मृतदेह. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यात अटक झाली, तर नमुना घ्यायला संमती लागणार नव्हती. इतर गुन्ह्यांत संमती लागणार होती. पण माणसाने नकार दिला तर न्यायदंडाधिकाऱ्याकडून आदेश आणता येणार होता. संमती मागायची, आणि नाही म्हटलं तर वरून आणायची, याला रोजच्या मराठीत वेगळा शब्द आहे.

सगळ्यात नीट वाचण्यासारखं होतं ते परिशिष्ट. त्यात गुन्ह्यांच्या जोडीला पितृत्वाचे वाद, वंशावळीचे वाद, स्थलांतर, आणि 'व्यक्तीची ओळख पटवणं' असेही विषय होते. बलात्कार आणि खून यांच्यासाठी मागितलेल्या यंत्रणेच्या शेपटीला दिवाणी कज्जे बांधलेले होते.

आणि नोंद पुसण्याचं कलम. संशयिताची नोंद आरोपपत्रानंतर किंवा न्यायालयाच्या आदेशाने काढायची, कच्च्या कैद्याची न्यायालयाच्या आदेशाने. पण जो ना संशयित, ना आरोपी, आणि ज्याचा डीएनए गुन्ह्याच्या जागी केवळ सापडला, त्याने लेखी अर्ज करायचा. म्हणजे ज्या पानटपरीजवळ खून झाला तिथे तासाभरापूर्वी मी खर्रा खाऊन थुंकलो असेन, तर मी त्या सूचीत असू शकतो. मी तिथे आहे हेच मला ठाऊक नाही. अर्ज कोणी करायचा? स्थायी समितीनेही हा धोका ओळखला होता : गुन्ह्याआधी आणि गुन्ह्यानंतर तिथे वावरलेल्या, गुन्ह्याशी संबंध नसलेल्या अनेकांचा डीएनए या सूचीत येईल, असं तिच्या अहवालात आहे. शिवाय एखाद्या जातीचा किंवा समुदायाचा गुन्हेगारीशी चुकीचा संबंध जोडण्यासाठी ही माहिती वापरली जाऊ शकते, हेही समितीने नोंदवलं. असदुद्दीन ओवैसी आणि बिनॉय विश्वम यांनी तर स्वतंत्र असहमती लिहिली.

एक कमकुवत आक्षेप

विरोधकांच्या लेखांत एक वाक्य हमखास सापडतं : 'डीएनएमधून तुमचं सगळं आयुष्य सरकारला कळेल.' हे असंच्या असं खरं नाही.

गुन्हेतपासात वापरली जाणारी डीएनए प्रोफाइल म्हणजे संपूर्ण जनुकीय पोथी नव्हे. गुणसूत्रांवर काही ठरावीक जागा असतात, जिथे चार-पाच अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. माझ्यात तो एका जागी सात वेळा येत असेल, तुमच्यात दहा वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. अमेरिकेत २०१७ पासून अशा २० जागा मोजतात. म्हणजे माणसामागे साधारण ४० आकडे. एका एसएमएसमध्ये मावतील एवढेच. त्या आकड्यांवरून तुमचा मधुमेह किंवा स्वभाव सांगता येत नाही.

पण आक्षेपाचा खरा भाग वेगळा आहे. आकडे निघतात ते नमुन्यातून, आणि नमुन्यात सगळी पोथी असते. गालातून फिरवलेला कापसाचा बोळा फ्रीजमध्ये राहिला, तर आज २० जागा वाचणारा उद्या सगळं वाचू शकतो. म्हणून 'प्रोफाइल' आणि 'नमुना' यांच्यातला फरक कायद्याने काटेकोर सांगायला हवा. २०२२ च्या कायद्यात 'मोजमापं' या शब्दाच्या व्याख्येत 'जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण' एवढंच आहे. कोणतं विश्लेषण, किती, कोणत्या जागांचं, याबद्दल कायदा गप्प आहे. प्रोग्रामिंगमध्ये असं लिहिलं तर वरिष्ठ पहिल्याच फेरीत कोड परत पाठवतो.

जुळणीचं गणित

आता एक आक्षेप जो मला सर्वांत मजबूत वाटतो, आणि ज्यावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं.

समजा, घटनास्थळी मिळालेला नमुना खराब आहे. उन्हात पडलेला, मिसळलेला. त्यातून २० पैकी थोड्याच जागा वाचता आल्या. अशी अर्धवट प्रोफाइल योगायोगाने जुळण्याची शक्यता, समजा, दहा लाखांत एक आहे. पोलिसांनी इतर पुराव्यांवरून एका माणसाला पकडलं, त्याचा नमुना तपासला आणि तो जुळला, तर पुरावा भक्कम झाला.

पण उलट दिशेने चाला. संशयित कोणीच नाही. नमुना घेऊन तुम्ही एक कोटी नोंदींच्या बँकेत शोध घेतला. दहा लाखांत एक या हिशोबाने दहा निरपराध माणसं निव्वळ योगायोगाने जुळतील. १४० कोटींची बँक असेल तर १,४०० जुळतील. खरा गुन्हेगार त्यांच्यात असेल किंवा नसेल. आकडा तोच, पुरावा तोच, पण प्रश्न बदलला की उत्तराची किंमत बदलते. कोर्टात मात्र 'दहा लाखांत एक' हेच शब्द उच्चारले जातात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. दोन्ही विधानांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ६५,४९३ नोंदींची बँक होती. तिथे नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा १३ पैकी ९ जागी जुळणाऱ्या १२२ जोड्या निघाल्या. ऐकून धक्का बसतो, पण यात चमत्कार नाही : ६५ हजार नोंदींमधून सुमारे २१४ कोटी जोड्या बनतात. बँक मोठी होते तशा जोड्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. नोंदी जुळवण्याचं काम केलेला कोणीही हे सांगेल. 'सुरेश वासुदेव मेश्राम' हे नाव एका गावात एकाचं असतं, नागपूर जिल्ह्यात शोधलं तर मोबाइलची स्क्रीन खाली सरकवत राहावी लागते.

भारतात यात आणखी एक गाठ आहे. योगायोगाची शक्यता काढताना गृहीत धरलेलं असतं की समाजात लग्नं बऱ्यापैकी सरमिसळीने होतात. आपल्याकडे ती जातीत होतात, पोटजातीत होतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न हा आजही मानाचा संबंध आहे. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले ८१ समूह असे निघाले, ज्यांच्यात मोजक्या पूर्वजांपासून आलेल्या वारशाचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद आहे. यावर संख्याशास्त्रात उपाय आहेत, सुधारित सूत्रं आहेत. पण त्यांसाठी आधी प्रत्येक समूहाचे विश्वासार्ह आकडे हवेत, आणि ते वापरणारे न्यायालयात प्रामाणिकपणे बोलायला हवेत.

गोव्यातला खटला

'एवढी मोठी बँक कोण शोधायला जाणार?' असं वाटत असेल, तर शेजारच्या गोव्याकडे पाहा. तिथे प्रश्न डीएनएचा नव्हता, बोटांच्या ठशांचा होता, पण कथा अगदी हीच होती.

जानेवारी २०१३ मध्ये वास्कोत सात वर्षांच्या एका मुलीवर शाळेत बलात्कार झाला. गुन्हा इतका भयंकर होता की राज्य हादरलं. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी ठसे होते, पण ते कोणाशी जुळेनात. मग सीबीआयने मागणी केली की आधारसाठी ज्यांनी ज्यांनी गोव्यात नोंदणी केली आहे, त्या सगळ्यांचे ठसे आम्हाला द्या. वास्कोच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तसा आदेश दिला. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख आहे. रेशन आणि गॅससाठी बोट टेकवलेलं अख्खं राज्य एका आदेशाने संशयितांच्या रांगेत उभं राहणार होतं.

गंमत म्हणजे याला विरोध केला तो आधार प्राधिकरणाने. लोकांनी ही माहिती गुन्हेतपासासाठी दिलेली नाही, आणि अशा शोधात चुकीच्या जुळण्या निघतील, असं सरकारच्याच संस्थेने न्यायालयात सांगितलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली आणि संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही बायोमेट्रिक माहिती देऊ नये, असं बजावलं.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, एका कारणासाठी जमवलेला साठा दुसऱ्या कारणासाठी मागितला जाणं ही कल्पनेतली भीती नाही. आधारची नोंदणी सुरू झाल्यावर चार वर्षांच्या आत ते घडलं. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे : मागणी करणारे खलनायक नव्हते. एका लहान मुलीला न्याय मिळावा म्हणून ते धडपडत होते. साठ्याच्या सीमा मोडल्या जातात त्या बहुतेक वेळा अशाच, नाही म्हणायला जीभ रेटणार नाही अशा प्रसंगी. म्हणून सीमा आधी, शांत डोक्याने आखाव्या लागतात.

तीन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्या पीठात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. त्या निकालानंतर सरकारला कायदा, उचित उद्देश आणि प्रमाणबद्धता या तीन कसोट्या पार कराव्या लागतात. डीएनए बँकेची खरी परीक्षा तिसऱ्या कसोटीवर आहे.

बोळा ते बँक

डीएनए खोटं बोलत नाही, असं म्हणतात. बरोबर. पण डीएनए स्वतः चालत प्रयोगशाळेत जात नाही. त्याला कोणीतरी उचलतं, पाकिटात घालतं, सील करतं, मुद्देमालाच्या खोलीत ठेवतं, गाडीत घालून नेतं.

जर्मनीत पोलिसांनी अनेक वर्षं एका महिला गुन्हेगाराचा पाठलाग केला. खून, चोऱ्या, तीन देशांतली सुमारे ४० ठिकाणं, सगळीकडे तिचाच डीएनए. २००९ मध्ये कळलं की अशी कोणी बाई नाहीच. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात बनत, तिथल्या एका कामगार महिलेचा तो डीएनए होता.

आपल्याकडे याहून साध्या गोष्टी बिघडतात. दिल्लीतल्या छावला प्रकरणात आरोपींचे नमुने फेब्रुवारी २०१२ च्या १४ आणि १६ तारखेला घेतले गेले आणि प्रयोगशाळेत पोहोचले २७ तारखेला. मधले दिवस ते पोलिसांच्या मुद्देमालात पडून होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावर विसंबायला नकार दिला आणि फाशी झालेले तिघं सुटले. मे २०२३ मध्ये ठाण्यातल्या २०१० च्या एका बालिकेच्या खुनाच्या खटल्यातही तेच झालं : नमुने पाठवायला झालेल्या विलंबाचं कारण देता आलं नाही, ते दरम्यान नीट जपले गेले का हे सिद्ध झालं नाही, आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी मुक्त झाला.

या दोन्ही प्रकरणांत पीडितेच्या घरच्यांच्या हाती काय आलं याचा विचार करा. आरोपी दोषी असतील तर गुन्हेगार सुटले. निर्दोष असतील तर त्यांची दहा-दहा वर्षं गेली आणि खरा गुन्हेगार मोकळाच आहे. दोन्ही बाजूंनी नुकसान, आणि ते राष्ट्रीय बँक नव्हती म्हणून झालं नाही. पाकीट वेळेवर पोहोचलं नाही म्हणून झालं. नमुन्यांची साखळी आधी भक्कम करा, प्रयोगशाळांत माणसं भरा. हा खर्च करायचा सोडून त्याच गळक्या नळांवर राष्ट्रीय टाकी बांधण्यात अर्थ नाही.

यादीत आधी कोणाचं नाव येतं

बोटांच्या ठशांचं शास्त्र गुन्हेतपासासाठी घडलं ते याच देशात. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेलने कंत्राटाच्या कागदावर हाताचा छाप घेतला. पुढे पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घेतले गेले. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्रीचं नाव मिळालं त्याचं बरंचसं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं होतं. सुरुवात हिशोबाच्या सोयीसाठी झाली, मग ठसे गुन्हेगारांचे झाले, आणि १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांतल्या नोंदणीकृत माणसांचे ठसे घेण्याची मुभा दिली. यात गुन्हा करायची अट नव्हती, जन्म पुरेसा होता.

सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलेल्या वस्तीला आजही लोक 'सेटलमेंट'च म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलेल्या मराठी वाचकाला पोलिसांची यादी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. विदर्भातल्या फासेपारध्यांना तर नकोच नको. गावात चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या बेड्यावर जाते, हे सगळ्यांना माहीत असतं.

यावर कोणी म्हणेल की म्हणूनच तर विज्ञान हवं. डीएनएने निर्दोष सुटतील. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा डीएनए तपासात वापरला गेला तेव्हा सुरुवातीलाच कबुली दिलेला एक तरुण निर्दोष ठरला होता. पण सुटण्यासाठी लागतो तो त्या खटल्यातल्या नमुन्याशी त्या माणसाची केलेली तुलना. त्यासाठी त्याच्या अख्ख्या समाजाची कायमची नोंद लागत नाही.

नाशिकजवळच्या २००३ च्या एका गुन्ह्यात सहा जणांना पकडलं गेलं, सगळे भटक्या समाजातले, गरीब. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, हे न्यायालयाने नोंदवलं. अल्बम होता, ओळख पटली होती, तरी तपास दुसरीकडे गेला. साठा असणं आणि तो प्रामाणिकपणे वापरला जाणं, यांत सोळा वर्षांचा तुरुंगवास मावतो.

डेटाबेसची एक सवय असते : जो आत आहे तोच सापडतो. ज्या वस्तीत अटका जास्त होतात, तिथल्या नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून जुळण्या जास्त. जुळण्या जास्त म्हणून 'बघा, गुन्हे इथलेच' हा निष्कर्ष, आणि पुन्हा तिथेच अटका. यात संगणकाने पक्षपात केलेला नसतो. तो फक्त आपला पक्षपात दशांश चिन्हासह परत देतो.

'मग सगळ्यांचंच घ्या, म्हणजे भेदभाव नाही' हाही एक युक्तिवाद आहे. कुवेतने २०१५ मध्ये नेमका असा कायदा केला : नागरिक, रहिवासी, पाहुणे, सगळ्यांचे नमुने सक्तीने. २०१७ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला.

भावकी आणि सोयरीक

मोबाइल नंबर माझा एकट्याचा असतो. पासवर्ड फुटला तर मी बदलतो. डीएनए माझ्या भावाचाही अर्धाअधिक असतो, माझ्या न जन्मलेल्या मुलीचाही असतो. माझ्या संमतीने माझा नमुना घेतला, तरी भावाची संमती कोणी घेतली? २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी सापडला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या हौसेपायी एका संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून. खुनी सापडला हे चांगलंच झालं. पण तीच पद्धत आपल्या भावकीला लावून पाहा, जिथे एका गावात एकाच आडनावाची साठ घरं आहेत. एका माणसाची नोंद म्हणजे अख्ख्या वाड्याची नोंद.

आणि नागपुरात या गोष्टीला सिकलसेलचा संदर्भ आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने होणारा हा आजार विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. संपत रामटेके यांनी नागपुरातून सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या कामासाठी आयुष्य वेचलं. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. ही तपासणी व्हायलाच हवी. ती डीएनए बँक नाही, रक्ताची साधी चाचणी आहे, हेही स्पष्ट सांगतो.

पण तिच्यामुळे आम्हाला एक गोष्ट अनुभवाने माहीत आहे, जी दिल्लीत विधेयक लिहिणाऱ्याला कदाचित नसेल : वारशाची माहिती घराबाहेर पडली की काय होतं. 'एएस' म्हणजे केवळ वाहक. त्याला आजार नाही. माझ्या एका वर्गमित्राच्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक या दोन अक्षरांवर मोडली. मुलाची तपासणी करा, तो वाहक नसेल तर काही अडचण नाही, असं हिच्या घरच्यांनी सांगून पाहिलं. मुलाकडच्यांनी तपासणी केली नाही, स्थळच बदललं. नंतर तिच्या धाकट्या बहिणीला स्थळं येईनात, आणि तिची तर चाचणीही झालेली नव्हती. चाचणी एकीची झाली आणि नाव घराचं झालं.

२०२३ मध्ये 'ट्वेन्टीथ्री-अँड-मी' या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोरांनी विक्रीला काढताना काय केलं? वंशानुसार याद्या केल्या : ज्यू वेगळे, चिनी वंशाचे वेगळे. अशा याद्या आपल्याकडे कशा लावल्या जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. सरकारी यंत्रणांना अधिसूचनेने सूट देण्याची सोय मात्र आहे.

दुसरी बाजू

बँकेच्या बाजूने सर्वांत माणुसकीचा मुद्दा आहे बेपत्ता माणसांचा. रेल्वेच्या रुळांवर, नद्यांत, महामार्गांवर सापडणारे बेवारस मृतदेह आणि त्यांची वाट पाहणारी घरं. या सूचीला माझा विरोध नाही. ज्यांचं माणूस हरवलंय ते स्वतःहून नमुना देतील. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातानंतर नातेवाइकांनी रांगा लावून नमुने दिले आणि त्यावरून मृतदेहांची ओळख पटली. त्यासाठी आधीपासून देशाची बँक लागली नाही. पण ही सूची गुन्ह्याच्या सूचीशी जोडता कामा नये. हरवलेल्या मुलाच्या शोधात आईने दिलेला नमुना तिच्या दुसऱ्या मुलाविरुद्ध वापरला जाणार असेल, तर आई येणार नाही. विधेयकाने या दोन्ही सूची एकाच बँकेत, एकाच छताखाली ठेवल्या होत्या.

शिक्षा झालेल्या गंभीर गुन्हेगारांची मर्यादित सूची, ठरावीक मुदतीसाठी, हाही वाजवी प्रस्ताव आहे. ब्रिटनने १९९५ मध्ये बँक काढली, मग निर्दोष सुटलेल्यांच्याही नोंदी ठेवू लागला. अटकेच्या वेळी अकरा वर्षांच्या असलेल्या एका मुलाच्या नोंदीवरून प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. ४ डिसेंबर २००८ रोजी त्या न्यायालयाने निर्दोषांच्या नोंदी अनिश्चित काळ ठेवणं हा हक्कभंग ठरवला, आणि २०१२ मध्ये ब्रिटनला कायदा बदलावा लागला. म्हणजे मर्यादा घातल्याने बँक बंद पडत नाही.

पंच्याहत्तर वर्षं

आता आपल्याकडे जे प्रत्यक्षात लागू आहे त्याकडे येऊ. २०२२ चा कायदा ४ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आहे. अटक झालेल्यांचीच नव्हे, प्रतिबंधात्मक कायद्यांखाली स्थानबद्ध केलेल्यांचीही मोजमापं त्यात घेता येतात. स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा नसेल आणि शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर अटकेतला माणूस जैविक नमुना नाकारू शकतो. पण रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात हा अधिकार त्याला कोण सांगणार, हे कायद्यात नाही. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतील. २०२६ मध्ये वीस वर्षांच्या मुलाची घेतलेली नोंद २१०१ पर्यंत जगेल. तो जगेलच असं नाही.

खटल्याशिवाय सुटला किंवा निर्दोष ठरला तर नोंद नष्ट करायची तरतूद आहे, सगळी अपिलं संपल्यावर, आणि न्यायालयाने किंवा न्यायदंडाधिकाऱ्याने कारण नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल तर. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मोठ्या प्रणालींमध्ये 'डिलीट' दाबलं की नोंद बहुतेक वेळा जात नाही. तिच्यापुढच्या एका रकान्यात शून्याचा एक होतो, एवढंच. पडद्यावर ती दिसत नाही, पण असते. शिवाय तिची प्रत बॅकअपमध्ये असते, दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर असते, ज्या ज्या राज्याच्या पोलिसांना ती पाठवली गेली त्यांच्याकडे असते, आणि कोणी काय शोधलं याच्या लॉगमध्येही असते. खरोखर पुसणं शक्य आहे, पण त्यासाठी प्रणाली पहिल्या दिवसापासून तशी बांधावी लागते आणि पुसलं की नाही हे बाहेरच्या कोणीतरी तपासावं लागतं. कायद्यात 'नष्ट करावी' हे क्रियापद आहे. कोणी तपासावं, हे नाही.

राष्ट्रीय डीएनए बँकेचं विधेयक कधीतरी परत येईल. बहुधा एखाद्या भीषण गुन्ह्यानंतर, देश संतापलेला असताना येईल, आणि तेव्हा विरोध करणाऱ्याला 'तुम्ही गुन्हेगारांच्या बाजूचे का?' असं विचारलं जाईल. त्या दिवशी प्रस्तावना वाचू नये. ती नेहमीच चांगली असते. आधी परिशिष्ट वाचावं : गुन्ह्यांच्या यादीत दिवाणी विषय आहेत का. मग नोंद पुसण्याचं कलम वाचावं : ती आपोआप पुसली जाते की अर्ज करावा लागतो. बेपत्ता माणसांची सूची गुन्ह्याच्या सूचीपासून वेगळी ठेवली आहे का, नमुना किती दिवसांत नष्ट होतो आणि त्याची तपासणी कोण करतं, हे पाहावं. आणि शेवटी अर्थसंकल्प उघडून बघावं, की त्या वर्षी नागपूर-अमरावतीच्या प्रयोगशाळांतल्या रिकाम्या खुर्च्यांसाठी किती पैसे ठेवलेत.